डोळ्यातील दाब आणि सुटलेला पडदा

डोळ्याचा पडदा सुटला म्हणजे आतला दाब वाढतो, अशी पुष्कळांची समजूत दिसते. श्रोत्यांकडून हा प्रश्न आम्हांस हटकून येतो. खरा प्रकार बहुधा उलट असतो.

डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी अखंड झरत असते. बुबुळाच्या कडेच्या बारीक चाळणीतून ते रक्तात निघून जाते. झरणे आणि निचरा यांचा मेळ बसला की दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. पडद्याला भोक पडले की पाण्याला चोरवाट सापडते. ते पडद्यामागे शिरते आणि तेथील रंगद्रव्याच्या पेशी ते मागच्या रक्तवाहिन्यांकडे उपसून टाकतात. पाट फुटल्यावर पाणी उतरावे तसा दाब उतरतो. म्हणूनच एका डोळ्याचा दाब दुसऱ्यापेक्षा कमी भरला, तर जाणता डॉक्टर बाहुली मोठी करून पडदा पाहतो. रोग्याला मात्र काहीच दुखत नाही, आणि घात होतो तो येथेच! विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा सडा, कडेने सरकत येणारी सावली, एवढ्याच खुणा. दुखत नाही म्हणून चार दिवस काढावे, तो पडद्याचा मध्यभाग सुटतो. मग शस्त्रक्रिया साधली तरी नजर पूर्वीसारखी येईलच असे नाही.

आता अपवाद. पडदा सुटूनही दाब वाढलेले काही रोगी १९७३ साली श्वार्ट्झ यांनी वर्णिले. चाळणी कशाने तुंबते, हे जपानात मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखविले : पडद्यातील प्रकाशग्राही पेशींचे तुकडे भोकातून पुढे वाहत येतात. डोळ्याच्या पुढच्या पाण्यात ते दाहाच्या पेशींसारखेच दिसतात. मग दाह समजून थेंब चालू राहतात, काचबिंदूचेही औषध दिले जाते, आणि मागचे भोक तसेच राहते. असे रोगी पुष्कळदा तरुण असतात आणि पूर्वी डोळ्याला मार लागलेला असतो. पडदा जागेवर बसविला की दाब बहुधा आपोआप उतरतो.

शस्त्रक्रियेनंतरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पडदा दाबून धरण्यासाठी कधी डोळ्यात वायू भरतात. उंचीवर तो फुगतो, दाब एकदम चढतो आणि पडद्याचा रक्तपुरवठाही अडू शकतो. तेव्हा वायू जिरेपर्यंत विमान वर्ज्य. मुंबईस शस्त्रक्रिया करवून महाबळेश्वरास घरी परतणाऱ्याने तर आपले गाव डॉक्टरांना आधीच सांगावे. घाट चढायचा आहे हे त्यांना कसे कळणार?