हिशेब घेणाऱ्याचा दंड

भाद्रपद वद्य नवमीस, म्हणजे १५ सप्टेंबर २०२५ रोजी, आमच्या घरी अविधवानवमीचे श्राद्ध होते. आमच्या वहिनी बंधूंच्या आधी गेल्या; त्यामुळे त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, दरवर्षी हे श्राद्ध मनोभावे करतो. गोराईस आमच्या घराच्या खालच्या खोलीत त्याची कचेरी आहे आणि लोकांची आयकराची विवरणपत्रे भरून देणे हा त्याचा व्यवसाय. पिंडदान होईतो त्याने फोन बंद ठेवला होता. भटजींस दक्षिणा देऊन त्याने तो उघडला मात्र, आणि निरोपांची अशी काही रांग लागली की बिचाऱ्याने पानावर बसून जेमतेम चार घास खाल्ले व तो जिना उतरला. विवरणपत्रे दाखल करण्याचा तो अखेरचा दिवस होता.

रात्री अकराच्या सुमारास आम्ही चहा घेऊन खाली गेलो. खाडीपलीकडच्या गोराई गावातून दुपारी होडीने आलेल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंचे कागद टेबलावर होते. बाईंनी ते आणण्यास अखेरचा दिवस का गाठावा, हे विचारण्यात अर्थ नव्हता; छत्तीस वर्षे मास्तरकी केल्यामुळे वह्या केव्हा येतात हे आम्हांस ठाऊक आहे. पडद्यावर एक चक्र गरगर फिरत होते. दोष आमच्या तारेचा की पलीकडच्या यंत्राचा, हे सांगण्याइतके ज्ञान आम्हांस नाही.

“अरे, दोन घास खाऊन तरी घे,” आम्ही म्हणालो.

“काका, हे एवढे गेले की येतो. नाही गेले तर बाईंना भुर्दंड पडेल, आणि त्या तो सरकारला नव्हे, मला विचारतील.”

मध्यरात्रीच्या आगेमागे बातमी आली की मुदत एक दिवसाने वाढविली आहे. त्याचबरोबर असेही जाहीर झाले की दुरुस्तीसाठी संकेतस्थळ रात्री १२ पासून २.३० पर्यंत बंद राहील. दान एका दिवसाचे, आणि त्यातील पहिले अडीच तास दात्यानेच परत घेतले!

वाचकांपैकी पुष्कळांस वाटेल की मुदत वाढली तर चांगलेच झाले. परंतु शाळेत प्रश्नपत्रिका उशिरा वाटली गेली तर पर्यवेक्षक तेवढी मिनिटे तेव्हाच फळ्यावर लिहितो. अखेरची घंटा झाल्यावर ‘आणखी पाच मिनिटे बसा’ म्हणत नाही. त्या वर्षी विवरणपत्रांचे नमुनेच बदलले होते, आणि ते भरण्याची साधने काही मे अखेरीस तर काही थेट जुलैत मिळाली. म्हणून ३१ जुलैची मुदत प्रथम १५ सप्टेंबर केली गेली, हे २७ मे रोजीच सांगितले गेले आणि ते योग्यच झाले. तक्रार आहे ती अखेरच्या रात्रीविषयी.

या धंद्यातील मंडळींची दुखणी याहून जुनी आहेत. ७ जून २०२१ रोजी आयकराचे नवे संकेतस्थळ सुरू झाले. इन्फोसिस कंपनीकडे दिलेल्या या कामाच्या योजनेस सरकारने ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले होते, आणि विवरणपत्राची छाननी सरासरी ६३ दिवसांऐवजी एका दिवसात व्हावी असा उद्देश होता. प्रारंभीच ते अडखळले. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इन्फोसिस व नंदन निलेकणी यांना जाहीरपणे विचारणा केली. ऑगस्टात ते दोन दिवस बंद पडले, तेव्हा कंपनीचे मुख्याधिकारी सलील पारेख यांस अर्थखात्यात पाचारण झाले. त्या वर्षीची ३१ जुलैची मुदत सरकत सरकत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. ज्या खात्याच्या मंत्रीणबाईंसच गाऱ्हाणे मांडावे लागले, त्या खात्यापुढे बोरिवलीच्या करसल्लागाराने काय मांडावे?

याहूनही गंभीर गोष्ट पुढे २०२४ साली घडली. आयकर कायद्याच्या ८७-अ कलमान्वये, नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत सूट मिळत असे. शेअरविक्रीच्या नफ्यासारख्या खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नास ही सूट लागू आहे की नाही, याविषयी दोन मते होती. ५ जुलै २०२४ पासून विवरणपत्र भरण्याच्या साधनातच असा बदल झाला की अशी सूट मागताच येईना. ज्यांनी तत्पूर्वी अर्ज भरला त्यांस मागता आली, नंतरच्यांस नाही. कायद्यातील अक्षर मात्र एकही बदलले नव्हते. वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकण्यापूर्वी बेलिफानेच निकाल द्यावा, तसा हा प्रकार!

येथे मुंबईकरांनी अभिमान बाळगावा असे काही झाले. १९२६ साली स्थापन झालेली ‘चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ ही मुंबईची संस्था हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबरात अंतरिम आदेश होऊन उशिराच्या विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की सूट मागण्याची वाट यंत्राने बंद करता कामा नये. ती देय आहे की नाही हे पुढे रीतसर ठरावे. नंतर २०२५ च्या वित्त कायद्याने अशा उत्पन्नावरील सूट पुढील काळासाठी बंद केली. तो संसदेचा अधिकार, यंत्राचा नव्हे.

आमचा मूळ व्यासंग संस्कृताचा, म्हणून त्या रात्री झोप येईना तेव्हा मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली प्रा. कंगले यांची कौटिलीय अर्थशास्त्राची प्रत आम्ही काढली. दुसऱ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायात हिशेबांचे नियम आहेत. वर्ष आषाढी पौर्णिमेस संपे आणि तेव्हा सर्व खात्यांचे हिशेब राजधानीत यावयाचे. आमच्या जुलै अखेरीचे हे पूर्वजच म्हणावयाचे! हिशेब वेळेवर न आणणाऱ्यास दंड आहे, हे सांगावयास नकोच. परंतु तेथेच असेही आहे की हिशेब देणारा हजर असून घेणारा तयार नसेल, तर घेणाऱ्यास दंड. उलट झाले तर देणाऱ्यास दुप्पट, हेही सांगितले पाहिजे; कौटिल्य कोणाचा सोयरा नव्हता.

आज काय आहे? विवरणपत्रास उशीर झाला तर ५,००० रुपये शुल्क, लहान उत्पन्नास १,०००. कर थकला असेल तर दरमहा शेकडा १ व्याज. उलट खात्याकडे आपले पैसे राहिले तर ते दरमहा शेकडा अर्धा देते. म्हणजे दुप्पट-निम्म्याचे प्रमाण कौटिल्याचेच राहिले, असे गमतीने म्हणता येईल. परंतु घेणारा तयार नसल्याचा दंड गळाला. गंमत अशी की वांद्रे-कुर्ला संकुलातील आयकर कचेरीस नाव ‘कौटिल्य भवन’ आहे.

खात्याचे उणेच सांगितले तर अन्याय होईल. पूर्वी परतावा मिळविण्यास चर्चगेटच्या आयकर भवनात खेटे घालावे लागत. आता कित्येकांस तो काही आठवड्यांत घरबसल्या मिळतो. अधिकाऱ्याचे तोंड न पाहता चौकशी व्हावी अशी पद्धत पंतप्रधानांनी १३ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर केली, तीमुळे टेबलाखालच्या व्यवहारास आळा बसला असेल. मात्र पुतण्या म्हणतो, “काका, पूर्वी साहेब रागावले तरी समोर असत, एखादा कागद दाखविला की कळत असे. आता उत्तर लिहून पाठवायचे आणि ते कोणी वाचले की नाही याची वाट पाहायची.”

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला परिचारिकाबाईंचे विवरणपत्र गेले. सकाळी आम्ही त्याला अर्थशास्त्रातील ते स्थळ दाखविले. त्याने दोनदा वाचले आणि विचारले, “हा दंड वसूल कोणी करायचा, ते दिले आहे का?” आम्ही पाने उलटू लागलो, तोच त्याचा फोन वाजला. लेखापरीक्षणाचे अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यावयाचे होते. ती तारीखही पुढे ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर. आणि त्या दिवाळीत फराळाचा डबा आम्हीच रोज खाली नेऊन देत होतो.