ठिबक आहे, मग क्षार कुठून येणार?

ॲव्होकॅडो लावायला निघालेल्या बागायतदाराला विहिरीच्या पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) विचारला, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी-नेवाशाकडे हमखास एकच उत्तर मिळतं: ‘सगळं ठिबकवर आहे हो, क्षारांचा प्रश्नच येत नाही.’ हे ऐकून ऐकून आता राग येतो. कारण या एका समजुतीपायी महागडी कलमं करपतात आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो.

ठिबक पाणी वाचवतं. पाण्यातले क्षार काढत नाही. हिशोब करून पाहा. दीड ईसीच्या (डेसिसायमन प्रति मीटर) एका लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. झाडाला रोज ४० लिटर दिलं, तर महिन्याला किलोभर क्षार आपणच मुळाशी नेऊन टाकतो. पाणी झाड पितं, काही उन्हानं उडतं. क्षार मात्र जवळपास सगळे मागे राहतात.

राहतात कुठे? एप्रिलमध्ये लॅटरलजवळ बसून बघा. ड्रीपरखाली काळी ओल दिसते आणि ओल संपते तिथे पांढुरकं कडं. ते कडं बोटानं खरवडलं की भुकटी निघते. ओलीबरोबर क्षार कडेला सरकून तिथे साचलेले असतात. मग मिरगाची पहिली हलकी सर येते, कडं विरघळतं आणि सगळं मुळांत उतरतं. नेमक्या त्याच दिवशी आपण ‘पाऊस आला’ म्हणून ठिबक बंद करतो! पावसाची ओल मुळांच्या खाली उतरेपर्यंत ठिबक चालूच ठेवायला हवं.

‘याच पाण्यावर ऊस येतो की,’ असंही सांगतात. उसाचं माप इथे चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २९ क्रमांकाच्या पुस्तिकेत (१९८५) आकडे आहेत: पाण्याचा ईसी ०.९ पर्यंत असेल तर ॲव्होकॅडोचं उत्पादन घटत नाही, १.७ ला पाव उत्पादन जातं, २.४ ला निम्मं. ऊस निम्म्यावर यायला ईसी ६.८ लागतो.

उपाय म्हणजे अधूनमधून गरजेपेक्षा जास्त पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली ढकलणं. पण पाण्याला खाली वाट हवी. प्रवरा नदीवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्यानंतर प्रवरेच्या कालव्यांखाली भारी काळी रानं पाणथळ आणि क्षारपड कशी झाली, हे जिल्ह्यानं पाहिलंय. ॲव्होकॅडोची बहुतेक अन्न शोषणारी मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि ओल तुंबली की फायटोप्थोरा बुरशीनं कुजतात. म्हणून निचऱ्याची हलकी जमीन आणि उंच गादीवाफे आधी, कलमं नंतर. क्षार खाली न्यायला पावसावर भिस्त ठेवू नका. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडला तर जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेत आहे.

बाकीचे समज थोडक्यात.

जिप्सम टाकलं की झालं? ते चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीचं औषध आहे. खारवट जमीन निचरा करून क्षार धुऊन काढल्यानंच सुधारते.

ॲसिड सोडल्यानं क्षार जातात? ड्रीपरमधला चुना सुटतो, क्लोराईड आणि सोडियम जिथल्या तिथे राहतात.

चुंबकाच्या नळीनं पाणी गोडं होतं? नळीच्या अलीकडे आणि पलीकडे ईसी मोजा, आकडा तोच येईल.

पानांची टोकं करपली म्हणजे पालाश कमी पडलं? ॲव्होकॅडोत ही बहुधा क्लोराईडची खूण असते. अशा वेळी म्युरेट ऑफ पोटॅश दिलंत तर क्लोराईड आणखी वाढेल. पालाश द्यायचंच असेल तर सल्फेटमधून द्या.

पाणी एकदा तपासलं की पुरे? विहीर खालावते तसा ईसी चढतो. मे महिन्यातला नमुना राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या आणि ईसीबरोबर क्लोराईड, सोडियमही मागून घ्या. कलमांची आगाऊ रक्कम भरायची ती हा अहवाल हातात आल्यावर.