स्वयंपाकघरातील चिमणी

स्वयंपाकघरातील चिमणी हे शेगडीच्या वर बसवले जाणारे विद्युत उपकरण असून ते धूर, वाफ व तेलाचे कण शोषून घेते. धूरनळीची चिमणी ही हवा घराबाहेर टाकते. नळीविरहित चिमणी ती कोळशाच्या गाळणीतून पुन्हा खोलीतच सोडते.

उभारणी

गॅसच्या शेगडीपासून चिमणीचे अंतर सामान्यतः किमान ६५ सेंटिमीटर असावे; उत्पादकाने अधिक अंतर सांगितल्यास ते पाळावे. अंतर कमी असल्यास गाळणीत साचलेले तेल पेटू शकते. धूरनळी शक्यतो धातूची, आखूड व कमी वळणांची असावी. तिचे तोंड इमारतीबाहेर उघडावे. ती गॅस गिझरच्या धूरमार्गाला जोडू नये. वीजजोडणीस अर्थिंग आवश्यक असते.

हवेचा पुरवठा

धूरनळीची चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते, तेवढीच घरात यावी लागते. दारे-खिडक्या बंद असल्यास आतील दाब घटतो आणि गॅस गिझरच्या नळीतून बाहेर जाणारे वायू उलट घरात ओढले जाऊ शकतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो. त्याला रंग वा गंध नसल्याने धोका लक्षात येत नाही. म्हणून चिमणी चालू असताना खिडकी उघडी ठेवावी किंवा हवा आत येण्यासाठी कायमचा झरोका ठेवावा.