बारीक पोरं, जाड प्रश्न

कळमनुरी तालुक्यातल्या कुठल्याही पारावर एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'खेड्यातली पोरं काटक, त्यांना कसली आलीय शुगर!' पोरं बारीक असतात हे खरं. पण बारीक म्हणजे काटक, या समजुतीला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक तीसेक वर्षं सुरुंग लावत आले आहेत.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाची लिफ्ट बंद व्हायच्या आत गाठणं, अशी कबुली याज्ञिकांनी तिथंच देऊन टाकली होती. तरी सगळा दोष लिफ्टवर ढकलता येत नाही.

१९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, गरोदरपणाच्या आधीपासून, अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. वजनात एवढी तफावत, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास सारखीच. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे आपलं बाळ हडकुळं दिसतं, पण त्याच्या वाट्याला चरबी पुरेपूर आलेली असते. पुढे मधुमेह शिरतो तो याच वाटेने.

याच गावांत आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आयांचं ताट आणि काम दोन्ही तपासलं. बाळाच्या आकाराशी नातं जुळलं ते एकूण कॅलरींशी नव्हे, तर पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात येतं याच्याशी. आणि ज्या बायका गरोदरपणी शेतात-घरात जास्त राबल्या, त्यांची बाळं लहान निघाली.

इथं वाचकाने थोडं थांबावं. हालचाल चांगली, हे आपण पाठ केलेलं आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवलं, की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते दमदार हालचाल सांगते. पण पोट वाढलेलं असताना उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला हे सांगायचं कुणी? तिला हवी आहे विश्रांती आणि तांदुळज्याची भाजी. सोयाबीनवर मारलेलं तणनाशक मात्र शेतात उगवलेला तांदुळजा आणि तण असा भेद करत नाही.

तिची मुलगी आठवीत. लांबच्या गावाहून मानव विकास मिशनच्या निळ्या बसने शाळेला येते. ही बस हवीच, ती नसेल तर कितीतरी मुलींची शाळाच सुटेल. पण चालणं गेलं, खेळाचा तास गणिताने घेतला, आणि घरी धुणंभांडी, पाणी, धाकटी भावंडं. ती दमते भरपूर, धावत मात्र नाही. शाळेच्या तपासणीत उंची-वजनाची नोंद होते. दमणं आणि धावणं यांतल्या फरकाला तिथं रकाना नाही.

आता ताटाकडे. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिलेली आहेत. खिचडी पोट भरते, पण तिच्यात ब-१२ जीवनसत्त्व नसतं. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. पुण्याच्या अभ्यासात २००८ साली एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली : ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सर्वांत ठळक होती.

शाळेत किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच, असतं; ब-१२ नसतं. म्हणून गोळी टाकून देऊ नये. रक्तक्षय हा आजचा, डोळ्यांसमोरचा शत्रू आहे. गोळीच्या जोडीला अंडं हवं, एवढंच. २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं सुरू केलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला अंड्यांचा सरकारी खर्च थांबला आणि शाळांना लोकसहभागातून पैसे उभे करायला सांगण्यात आलं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असताना ही वर्गणी कोण देणार, हे मुख्याध्यापकांनाच ठाऊक.

याज्ञिकांचा गट मात्र गरोदरपणाची वाट पाहत बसला नाही. १९९३ च्या अभ्यासात जन्मलेली मुलं वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या अनेकांना ब-१२ च्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या. त्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेक मुलींचं लग्नही झालेलं नव्हतं.