विश्लेषण : घरात नवे पिल्लू आले, म्हातारी मांजर बिथरली? दोघांची ओळख कशी करून द्यावी?

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत वाशीम, कारंजा, रिसोड, मानोरा अशा कुठल्याही तालुक्यात गोठ्यात, कुटाराच्या ढिगात किंवा दुकानाच्या फळीखाली मांजरीची पिल्ले सापडतात. मुले त्यातले एखादे उचलून घरी आणतात. घरात उंदरांसाठी पाळलेली आठ-दहा वर्षांची मांजर आधीच असते. ती पिल्लाला पाहून फिस्कारते, पंजा उगारते, खाणे सोडते. दोन-चार दिवसांत घरचे ठरवून टाकतात, ‘यांचे काही जमायचे नाही’, आणि दोघांपैकी एकाची पोत्यातून गावाबाहेर रवानगी होते. बहुतेक घरांत खरी अडचण ओळख करून देण्यातल्या घाईची असते. ती टाळायची कशी, हे समजून घेऊ.

जुनी मांजर एवढी का चिडते?

घरातल्या मांजरीचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर. माणसाशी तिची सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजरीचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले. पण एवढ्या काळातही तिचा एक स्वभाव बदललेला नाही. ती एकटीने शिकार करते. उंदीर एकाच मांजरीचे पोट भरेल एवढा, त्यामुळे वाटून खाण्याची सवय तिला नाही.

मांजरीची ओढ माणसापेक्षा घराला, असे जुनी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. दाराची चौकट, पलंगाचा पाय, आपली पोटरी यांवर ती गाल घासते, तेव्हा तिथे स्वतःचा वास लावत असते. तो वास म्हणजे तिच्या हद्दीची खूण. अनोळखी वासाचे पिल्लू त्या हद्दीत एकदम उतरले, की तिच्या दृष्टीने ती घुसखोरी ठरते.

वयाचाही प्रश्न असतो. पशुवैद्यक दहा वर्षांपुढच्या मांजरीला वृद्ध धरतात. अमेरिकेतल्या २००२ च्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या १० पैकी ९ मांजरींच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसली होती. मांजर दुखणे लपवते, म्हणून ते आपल्याला कळत नाही. अशा मांजरीच्या पाठीवर पिल्लू खेळायला म्हणून उडी मारते आणि तिला खरोखर दुखते.

पिल्लू आणल्यावर सगळ्यात आधी काय करावे?

पशुवैद्यकाला दाखवावे. तोवर, आणि त्यानंतरही निदान दोन आठवडे, पिल्लू वेगळे ठेवावे. यामागचे मोठे कारण पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार आहे. ताप, उलट्या, जुलाब होऊन पिल्ले यात झपाट्याने दगावतात. लस न घेतलेल्या मोठ्या मांजरीलाही तो होतो. विषाणू भांडी, कपडे, हात यांवरून पसरतो आणि घरात महिनोन् महिने टिकतो. म्हणून पिल्लाची भांडी वेगळी ठेवावीत आणि त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, पुढचे डोस दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दिले जातात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जुन्या मांजरीचे लसीकरण झालेले नसेल, तर तिलाही याच वेळी न्यावे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशी-शेळ्यांचे असते. मांजरीची लस मिळेल का, हे जाण्याआधी विचारून घ्यावे. मोठ्या तपासणीची गरज पडली, तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था वाशीमकरांना जवळची आहे.

पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. ‘लहानसे तर पिल्लू आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

दोन खोल्यांच्या घरात वेगळे ठेवायचे कुठे?

दार लागणारी कोणतीही सुरक्षित जागा चालते. पलंग असलेली खोली उत्तम. न्हाणीघर वापरायचे असेल, तर फिनाईल आणि ॲसिडच्या बाटल्या आधी बाहेर काढाव्यात. फिनाईल मांजरीला विषारी असते. ते पुसलेल्या फरशीवरून चालून तिने पंजे चाटले, तरी धोका संभवतो.

सोयाबीन, तूर साठवलेली खोली मात्र नको. तिथे धान्यात ठेवायच्या गोळ्या, उंदरांचे औषध, फवारणीचे डबे असतात. धान्याच्या गोळीतून निघणारा वायू माणसाच्याही जिवावर बेततो. टिनाच्या छपराची खोलीही एप्रिल-मे महिन्यांत दुपारी टाळावी. पारा चाळिशीपार जातो, तेव्हा बंद टिनाखाली पिल्लू तग धरत नाही.

खोलीत पाणी, खाणे, अंगाखाली जुने कापड आणि शौचासाठी पसरट घमेल्यात रेती ठेवली, की पिल्लाची सोय झाली. पिल्लू दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, तर काय आणि किती वेळा पाजायचे, हे पशुवैद्यकालाच विचारावे. नुसत्या गाईच्या दुधावर त्याचे पोषण होत नाही.

ओळख कोणत्या क्रमाने करावी?

आधी वास, मग आवाज, मग नजर आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष भेट.

१. वास : पिल्लाच्या अंगाखालचे कापड जुन्या मांजरीच्या वावरात ठेवावे, तिचे कापड पिल्लाकडे. ते तिच्या अंथरुणावर किंवा ताटलीशेजारी मात्र ठेवू नये. ती हुंगून निघून गेली, तर चांगले लक्षण. फिस्कारली तर कापड आणखी दूर सरकवावे.

२. आवाज : बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी खाऊ घालावे. सुरुवातीला ताटल्या दारापासून लांब, मग रोज थोड्या जवळ. पलीकडचा आवाज आला की आपल्याला खायला मिळते, अशी सांगड तिच्या मनात बसते.

३. नजर : डासांसाठी लावलेला जाळीचा दरवाजा इथे कामी येतो. तो नसेल तर दार बोटभर उघडे ठेवून मागे वजन लावावे. पाच मिनिटे पुरेत.

४. भेट : पिल्लाचे दोन आठवडे पूर्ण झाल्यावर आणि पशुवैद्यकाने ते निरोगी असल्याचे सांगितल्यावरच. आधी पिल्लाला खेळवून दमवावे, मगच दार उघडावे. जुन्या मांजरीला निघून जायला वाट मोकळी हवी. पिल्लाला तिच्या तोंडासमोर धरू नये किंवा दोघांना एका टोपल्याखाली कोंडू नये.

प्रत्येक पायरीवर जुनी मांजर नेहमीसारखी खाते-झोपते का, ते पाहूनच पुढे जावे. काही घरांत हे पंधरा-वीस दिवसांत उरकते, काही ठिकाणी दोन-तीन महिने लागतात.

घरात कोणते बदल करावे लागतात?

सूत्र एकच. जुन्या मांजरीचे काहीही कमी होता कामा नये. तिच्या खाण्याची वेळ, झोपायची जागा, संध्याकाळी मांडीवर बसायचा हक्क कायम राहावा. पहिली ताटली तिची.

रेतीची घमेली मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावीत. दोन मांजरींना तीन, तीही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एकाच रांगेत ठेवली, तर पिल्लू वाटेत बसून सगळीच अडवते. बाहेर जाण्याची सवय असलेल्या मांजरीची खिडकी बंद करू नये. पाण्याची भांडीही दोन-तीन ठिकाणी हवीत. तिची आवडती जागा उंचावर असेल, तर तिथे चढायला मध्ये एखादा स्टूल किंवा पाट ठेवावा. सांधे दुखणाऱ्या मांजरीला उडी जमत नाही आणि पिल्लू मात्र सहज वर पोहोचते.

खेळ आणि भांडण यांत फरक काय?

फिस्कारणे, नख्या आत ठेवून चापट मारणे हे बहुतेक वेळा मोठ्याने लहानाला दिलेले वळण असते. तिथे मध्ये पडू नये आणि तिला ओरडू तर मुळीच नये. ओरडा खाल्ला, की पिल्लू आणि शिक्षा यांची गाठ तिच्या मनात पक्की होते.

कान मागे चिकटलेले, अंग फुगलेले, किंकाळ्या, उडणारे केस असे दिसले, तर ते भांडण समजावे. हात घालू नये. जोरात टाळी वाजवावी किंवा दोघांमध्ये पुठ्ठा सरकवावा. मग एक-दोन दिवस वेगळे ठेवून आधीच्या पायरीवर परत यावे.

काही भांडणे मुकी असतात. एक जण दारात बसून टक लावून पाहतो आणि दुसरी घमेल्यापर्यंत जातच नाही. आवाज नाही म्हणून जमले, असे समजू नये.

दवाखान्यात कधी न्यावे?

जुन्या मांजरीने एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यकाशी बोलावे. दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यास, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या यकृतात चरबी साठून प्रकृती गंभीर होऊ शकते. भलत्या जागी लघवी करणे, पोट चाटून चाटून केस घालवणे, सतत दिवाणाखाली दडणे हीही ताणाची लक्षणे आहेत. बोका लघवीसाठी कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. माणसाची तापाची गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेते.

पिल्लू आणूच नये, अशी वेळ असते का?

असते. जुनी मांजर आजारी, अतिशय थकलेली किंवा आयुष्यभर एकटीच राहिलेली असेल, तर पिल्लासाठी दुसरे घर शोधणे दोघांच्याही हिताचे. घरात नसबंदी न झालेला बोका असेल, तर तान्ह्या पिल्लाच्या जिवाला धोका असतो. शिवाय मांजर चार-पाच महिन्यांत वयात येते आणि गाभण राहिल्यापासून सुमारे नऊ आठवड्यांत विते. नसबंदी लांबवली, तर वर्षभरात दोनाच्या सात मांजरी झालेल्या दिसतात.

आणि पोते? पाळीव जनावर उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. घरात वाढलेल्या म्हाताऱ्या मांजरीला अनोळखी शिवारात ना पाणवठा ठाऊक असतो, ना आडोसा. दोघांची गळामिठी झाली नाही, तरी बिघडत नाही. एक पलंगावर, दुसरी खिडकीत आणि दोघींचे पोट भरलेले असेल, तर मांजरींच्या हिशेबाने घर सुरळीत चालले आहे.