शहरी इमारतींवर सूर्य आणि वारा

पावसाळ्यात महाराष्ट्राच्या आकाशात दोन घटना एकाच वेळी घडतात. ढगांच्या आच्छादनामुळे सूर्यप्रकाश मंदावतो आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर वाढतो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवरील पवनचक्क्या आपल्या वार्षिक उत्पादनाचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या काळातच देतात. कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यात सौर पॅनेलचे उत्पादन मात्र याच दिवसांत एप्रिल-मेच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर येते. एक साधन उणे पडते तेव्हा दुसरे भर घालते. या पूरकतेतूनच सौर-पवन संकरित संचाची कल्पना पुढे आली.

नगरपालिकेचे कार्यालय, शाळा, रुग्णालय यांच्या गच्चीवर असा संच बसवावा, ही सूचना म्हणूनच आकर्षक वाटते. तथापि पठारावरचा वारा आणि शहराच्या गच्चीवरचा वारा यांत मोठे अंतर आहे. ते ध्यानात न घेता सार्वजनिक निधी खर्च झाला, तर गच्चीवर वीज देणाऱ्या यंत्राऐवजी केवळ शोभेची वस्तू उभी राहण्याचा धोका असतो.

संचाची रचना

संकरित संचात सौर पॅनेल आणि लहान पवनचक्की यांपासून मिळणारी वीज एका नियंत्रकात एकत्र येते. जेथे वीजवाहिनी पोहोचलेली नाही, तेथे ही वीज बॅटरीत साठविली जाते. रात्री व ढगाळ दिवशी वाऱ्याचा हातभार लागत असल्याने बॅटरी तुलनेने लहान पुरते. दुर्गम वस्तीतील आश्रमशाळा किंवा आरोग्य उपकेंद्र यांना हा लाभ मोलाचा ठरू शकतो.

शहरात परिस्थिती निराळी असते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनी छपरावरील अक्षय ऊर्जा संच वितरण जाळ्याला जोडण्याची रीत घालून दिली. दुपारची अतिरिक्त वीज जाळ्यात जाते व तिचे श्रेय ग्राहकाला देयकात मिळते. रात्रीची गरज जाळ्यातून भागते. त्यामुळे शहरात पवनचक्कीची उपयुक्तता मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते : ती प्रत्यक्षात किती युनिट वीज देते.

वाऱ्याचे गणित

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते आणि वेग निम्मा झाला की ती एक-अष्टमांशावर येते. शिवाय कोणतीही पवनचक्की वाऱ्यातील शक्तीपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती घेऊ शकत नाही. लहान यंत्रे प्रत्यक्षात याहून पुष्कळ कमी शक्ती घेतात.

पात्यांचा व्यास २ मीटर असलेले यंत्र उदाहरणादाखल घेऊ. ते वाऱ्यातील ३० टक्के शक्ती घेते असे मानले, तर सेकंदाला ६ मीटर वेगाच्या अखंड वाऱ्यात दिवसाला सुमारे ३ युनिट वीज मिळेल. वेग ३ मीटरवर आला, की हीच वीज अर्ध्या युनिटाहूनही कमी भरेल. याउलट १ किलोवॅटचे सौर पॅनेल सुमारे १०० चौरस फूट जागा व्यापते आणि वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ४ युनिट वीज देते.

शहरातील वाऱ्याची अडचण येथेच आहे. इमारती, झाडे, पाण्याच्या टाक्या व जिन्याच्या खोल्या वाऱ्याचा वेग तोडतात. कठड्यावर आदळलेला वारा गच्चीवर भोवऱ्यासारखा फिरतो. क्षणाक्षणाला दिशा बदलणाऱ्या अशा वाऱ्यात पात्यांवर ताण येतो आणि वीज थोडी मिळते. म्हणूनच १५० मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्याहून पवनचक्की किमान १० मीटर उंच असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

परदेशांतील अनुभव

बहारीनमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये २९ मीटर व्यासाच्या तीन पवनचक्क्या असून त्या २००८ साली फिरू लागल्या. मनोऱ्यांचा आकार शिडासारखा असल्याने आखातावरून येणारा वारा त्यांच्यामधून वेगाने वाहतो. चीनमधील क्वांगचौ येथील ७१ मजली पर्ल रिव्हर टॉवरमध्ये वारा वाहून नेणारे चार मार्ग ठेवून त्यांत पवनचक्क्या बसविल्या आहेत. इमारतीवर सौर पॅनेलही आहेत. या दोन्ही ठिकाणी वाऱ्याचा विचार इमारतीच्या आराखड्यातच झाला होता.

आराखड्यात विचार झाला म्हणून यश निश्चित असतेच असे नाही. लंडनमध्ये २०१० साली पूर्ण झालेल्या एका ४३ मजली निवासी इमारतीच्या माथ्यावरील तीन पवनचक्क्यांकडून इमारतीच्या गरजेपैकी ८ टक्के ऊर्जेची अपेक्षा होती. पुढे त्या बहुतांशी स्थिरच राहिल्या. ब्रिटनमध्येच इमारतींवरील २६ लहान पवनचक्क्यांच्या नोंदी घेऊन २००९ साली अहवाल प्रसिद्ध झाला. यंत्रे बंद असल्याचा काळ वगळूनही त्यांनी आपल्या क्षमतेच्या सरासरी सुमारे ४ टक्केच वीज दिली होती. उंच इमारतींवरील यंत्रे इतरांहून सरस ठरली. परंतु रहिवाशांनी आवाजाची तक्रार केल्याने तीच बहुतेक काळ बंद ठेवावी लागली.

निर्णयापूर्वीची काळजी

या अनुभवांवरून क्रम स्पष्ट होतो. गच्चीवर सावली नसेल तेथे प्रथम सौर पॅनेल बसवावेत. २०२४ साली सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना घरांच्या छपरांवरील सौर संचांसाठी आहे. पवनचक्कीचा तीत समावेश नाही, हेही लक्षात घ्यावे.

समुद्राभिमुख उंच इमारत किंवा टेकडीवरील मोकळी वास्तू असेल, तरच पवनचक्कीचा विचार करावा. त्यासाठी ज्या उंचीवर यंत्र बसवावयाचे, त्याच उंचीवर वायुवेगमापक ठेवून पूर्ण वर्षाच्या नोंदी घ्याव्यात. केवळ पावसाळ्यातील नोंदी फसव्या ठरतात. खांबाचा भार व कंपने छत सहन करील काय, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावे. तडितवाहक बसवावा. पॅनेलच्या छोट्या भागावर पडलेली सावलीही वीज बरीच घटविते. म्हणून खांब पॅनेलच्या उत्तरेस असावा. विक्रेत्याने सांगितलेली क्षमता कोणत्या वेगाच्या वाऱ्यात मिळते, हा प्रश्न निविदेपूर्वीच विचारावा.

शाळांना या कामी सहज सहभागी होता येईल. विद्यार्थ्यांनी गच्चीवरील वाऱ्याचा वेग व सौर संचाचे उत्पादन दररोज नोंदविले, तर वर्षाअखेरीस त्यांच्या वहीत आपल्या गावच्या वाऱ्याचा खरा हिशेब तयार होईल. खर्चाचा ठराव पंचायतीपुढे अथवा नगरपालिकेपुढे येण्यापूर्वी ती वही सभेच्या मेजावर असावी.