विश्लेषण : पहाटेची पोटदुखी म्हणजे नेहमी ॲसिडिटीच असते का?

पावसाळ्यातली पहाट. ग्रामीण भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एक शेतमजूर पोट धरून आला. दोन उलट्या झालेल्या, ताप नाही, बीपी व्यवस्थित, पोट मऊ. ड्युटीवर एमबीबीएसनंतरची बंधपत्रित सेवा करणारा तरुण डॉक्टर. ‘रात्री काय खाल्लं?’ तर बारशाचे जेवण. ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन त्याने रुग्णाला घरी जायला सांगितले.

रुग्ण बाहेरच्या बाकावरच बसून राहिला. ‘यांचे डोळेच उघडत नाहीत,’ असे बायकोने सांगितल्यावर नर्सने डॉक्टरला हाक मारली. ‘दादा, वर बघा’ म्हटले तरी पापण्या उचलेनात. तेव्हा डॉक्टरने राहिलेला प्रश्न विचारला : रात्री झोपला कुठे होतात? उत्तर होते, जमिनीवर, वाकळ टाकून.

मण्यार ओळखणे अवघड का?

मण्यार निशाचर. ती अनेकदा झोपेतच चावते, फारसे दुखत नाही, सूजही येत नाही. दाताची खूण कित्येकदा दिसतच नाही. सुरुवात पोटदुखी आणि उलट्यांनी होऊ शकते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोणस चावल्यास काचेच्या नळीतले रक्त २० मिनिटांनंतरही गोठत नाही, यावरून विषबाधा कळते. मण्यारच्या दंशात रक्त नेहमीसारखे गोठते, त्यामुळे या चाचणीवर विसंबता येत नाही.

मग चूक कुठे झाली?

हे डॉक्टरने वाचले नव्हते असे नाही. न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासात मण्यार असतेच. पण तिथे प्रश्नातच ‘सर्पदंश’ लिहिलेले असते. इथे समोर आली ती पोटदुखी, त्यात बारशाचे जेवण. पहिले कारण पटले आणि पुढचे प्रश्न थांबले. पापण्या तपासायला अर्धा मिनिटही लागला नसता.

उपचार काय?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर भारतात एकच लस आहे. तिच्या १० कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या आणि १०८ रुग्णवाहिकेतून डॉक्टर स्वतः अंबू बॅग घेऊन जिल्हा रुग्णालयापर्यंत गेला. हे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. लकवा एकदा बसला की लस तो लगेच उलटवू शकत नाही. टोके सावरेपर्यंत श्वास यंत्राने द्यावा लागतो.

या रुग्णाची नळी चौथ्या दिवशी निघाली.